आवळीभोजन : पंक्तीपूर्वींची अर्धी घटिका

कार्तिकाचा शुद्ध पक्ष लागला आणि दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले, कीं पुष्कळ घरांतून एक वार्षिक वाटाघाट सुरू होते. यंदा आवळीभोजनास जावयाचें कीं नाहीं, जावयाचें तर कोठें, आणि मंडळी किती ? आजी तिथीचा प्रश्न काढतात. आवळीच्या झाडाखालीं जेवणें नवमीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हांहि चालतें, पण नवमीचें आणि वैकुंठ चतुर्दशीचें महत्त्व विशेष, असें त्यांचें म्हणणें. कर्ती मंडळी रविवारची सोय पाहतात. मुलांना तेथें मोबाइल लागतो कीं नाहीं एवढेंच जाणून घ्यावयाचें असतें. अखेर शहराबाहेरच्या एखाद्या पर्यटनकेंद्रांत माणशीं ठराविक पैसे भरून टेबलाखुर्चीवर जेवण होतें, कोपऱ्यांतल्या कंबरभर उंचीच्या रोपाला हळदकुंकू वाहिलें जातें, आणि दिवेलागणीच्या सुमारास मंडळी दमून परत येतात. विधि झाला, भोजन झालें; आवळी मात्र कोणींच पाहिली नाहीं.

वस्तुतः ह्या आचाराची मूळ आंखणी फार शहाणपणाची आहे. देवळांत नव्हे, मंगल कार्यालयांत नव्हे, तर एका विवक्षित झाडाखालीं जावें. एकट्यानें नव्हे, सबंध कुटुंबानें जावें. आणि तेथें जमिनीवर बसावें, असें तो सांगतो. काळहि किती नेमका निवडलेला ! पाऊस संपलेला, चिखल वाळलेला, गवत पिवळें पडूं लागलेलें, ऊन अंगाला हवेंसें वाटणारें, आणि झाडावर फळ धरलेलें. झाडाखालीं दामोदराची पूजा करावयाची, आणि झाडालाहि पूजेंत वांटा द्यावयाचा. आवळीचें संस्कृत नांव धात्री. म्हणजे दाई, सांभाळणारी. जिच्या सांवलीत बसावयाचें तिला हें नांव ज्यांनीं दिलें, त्यांनीं तिच्याकडे केवळ लोणच्याच्या दृष्टीनें खास पाहिलें नसावें.

निसर्गाच्या सान्निध्यांत शांतपणें, चित्त लावून कांहीं काळ घालविणें प्रकृतीस हितकर आहे, हें अलीकडच्या संशोधकांनीं निरनिराळ्या मार्गांनीं तपासून पाहिलें आहे. जपानच्या वनखात्यानें १९८२ सालीं 'शिन्रिन-योकु' हा शब्द प्रचारांत आणला. त्याचा अर्थ अरण्यस्नान. अरण्यांत पोहोंचण्याची, शिखर गांठण्याची घाई नाहीं. हळूहळू चालावयाचें, श्वास घ्यावयाचा, पाहावयाचें, ऐकावयाचें. त्याच्या दोनच वर्षांनंतर, १९८४ सालीं, रॉजर उलरिक ह्या अमेरिकन संशोधकानें 'सायन्स' नियतकालिकांत एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हानियांतील एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या २३ जोड्या त्यानें ताडून पाहिल्या. प्रत्येक जोडींतील एकाच्या खिडकींतून झाडें दिसत, दुसऱ्याच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें दिसणारे रोगी थोडे लवकर घरीं गेले, आणि वेदनाशामक तीव्र औषधेंहि त्यांना कमी लागलीं. २०१९ सालीं इंग्लंडांतील सुमारें २० हजार लोकांच्या माहितीवरून असें दिसून आलें कीं, आठवड्यांतून एकूण १२० मिनिटें तरी मोकळ्या निसर्गांत घालविणारे लोक आपली प्रकृति व मनःस्थिति चांगली असल्याचें अधिक प्रमाणांत सांगतात. अर्थात् हा केवळ संबंध झाला. निसर्गांत जाण्यानें माणसें निरोगी होतात, कीं निरोगी माणसेंच निसर्गांत अधिक जातात, ह्याचा निर्णय अशा पाहणीनें लागत नाहीं. आणि 'हें सर्व आमच्या ऋषींना पूर्वींच ठाऊक होतें' असें म्हणण्याचा जो मोह अशा वेळीं आपणांस होतो, तोहि आवरलेला बरा. ठाऊक असेल तर आपण तें पाळीत कां नाहीं, हा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे.

तेव्हां आमची सूचना एवढीच कीं, यंदाच्या आवळीभोजनांत पूजा आणि पंगत ह्यांच्यामध्यें अर्धी घटिका राखून ठेवावी. घटिका म्हणजे २४ मिनिटें. तिची अर्धी १२. ह्या वेळांत कोणीं कांहीं बोलूं नये. प्रत्येकानें झाडाच्या आसपास आपली जागा निवडावी. दुसरा दिसेल इतकी जवळ, पण हात लागणार नाहीं इतकी दूर. गुडघेदुखीच्या मंडळींना घडीची खुर्ची द्यावी. भुईवर बसण्याचा हट्ट नको. मोबाइल एका कापडी पिशवींत गोळा करावेत, व अडीअडचणीकरितां एकच चालू ठेवून तो एका जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावा. बारा मिनिटें हा काळ ऐकावयास क्षुल्लक वाटतो. एकत्र कुटुंबांतील पंधरा माणसें एके ठिकाणीं असतां बारा मिनिटें स्वस्थ बसलीं आहेत, असा प्रसंग मात्र वाचकांनीं आठवून पाहावा.

पहिलीं दोन-तीन मिनिटें जातात ती हंसूं दाबण्यांत. कोणाच्या तरी पोटांत कावळे ओरडतात, तें सर्वांना ऐकूं येतें, आणि मुलांचा धीर सुटतो. त्यांना रागावूं नये. तें आपोआप ओसरतें. मग आवाज एकेक करून उमटूं लागतात. ते पूर्वींहि होतेच. अमेरिकन शिक्षक जोसेफ कॉर्नेल ह्यानें आपल्या १९७९ च्या 'शेअरिंग नेचर विथ चिल्ड्रन' ह्या पुस्तकानें मुलांसाठीं अशा कित्येक खेळांचा प्रसार केला. त्यांतला एक येथें फार उपयोगी पडतो. प्रत्येकाला एक कोरा कागद व पेन्सिल द्यावी. कागदाच्या मध्यावर फुली मारावयाची, ती म्हणजे आपण. ज्या दिशेनें व जितक्या अंतरावरून आवाज आला असें वाटेल, तेथें एक खूण करावयाची. पक्ष्याचें नांव ठाऊक नसेल तरी बिघडत नाहीं. नागमोडी रेघ, टिंबें, जें सुचेल तें. शेवटीं सर्वांचे कागद शेजारीं शेजारीं मांडले कीं गंमत दिसते. लहान मुलांच्या कागदावर जवळचे आवाज असतात : वाळक्या पानावरून चाललेला मुंगळा, माशी, आजोबांचा श्वास. मोठ्यांच्या कागदावर दूरची मालमोटार आणि देवळावरचा भोंगा. एकाच झाडाखालीं बसलेलीं माणसें निरनिराळ्या रानांत होतीं असें वाटावें.

ह्यानंतर प्रत्येकानें एकेक गोष्ट सांगावी, पण क्रम उलटा ठेवावा. आपल्या घरांत प्रथम वडील बोलतात, आणि मग इतरेजन त्यांच्या म्हणण्याला मान डोलवितात. येथें सर्वांत धाकट्यानें आरंभ करावा, व आजी-आजोबांनीं शेवटीं बोलावें. ह्यांत मर्यादेचा भंग कांहीं नाहीं. आजोबांनीं 'मला भारद्वाज ऐकूं आला' असें आधीं म्हटलें तर सातहि नातवंडांना भारद्वाजच ऐकूं आलेला असतो.

आतां ज्या झाडाखालीं आपण बसलों आहों तें नीट पाहूं. आवळीचें पान कोणतें, असें विचारलें तर दहांपैकीं नऊ जण चिंचेच्या पानासारखी पिसाच्या आकाराची एक काडी तोडून दाखवितील. तें पान नव्हे, ती बारीक डहाळी आहे. तिच्या दोन्ही अंगांस ओळीनें बसलेलीं जीं चिमुकलीं पातीं, त्यांतलें प्रत्येक एक स्वतंत्र पान. मात्र गळावयाची वेळ आली कीं ही डहाळी पुष्कळदां पानांसकट, एखाद्या पानासारखीच, सबंध गळून पडते. म्हणजे फांदी असून ती पानाची रीत पाळते. मुलांना हें सांगण्याऐवजीं भिंग हातीं द्यावें. त्यांचें त्यांनाच उमगूं द्यावें. खोडाची साल राखट असून तिचे पातळ पोपडे सुटतात, व त्याखालून निराळ्या रंगाचे गुळगुळीत चट्टे दिसतात. फुलें येतात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं. हिरवट-पिवळीं व इतकीं लहान कीं मधमाश्यांखेरीज कोणाचें लक्ष जात नाहीं. नर-फुलें व मादी-फुलें निराळीं, पण एकाच झाडावर. फलधारणा झाली तरी तो इवलासा गर्भ सबंध उन्हाळा जवळजवळ जसाच्या तसा राहतो, आणि पावसाळा आल्यावर वाढीला लागतो. हा संयम बहुतेकांच्या नजरेंतून सुटतो, कारण वैशाखांत आवळीकडे पाहावयास जातो कोण ?

फळ हातांत घ्यावें. त्यावर वरपासून खालपर्यंत सहा पुसट रेघा असतात. त्याच्या आंतली अठळी तीन कप्प्यांची, आणि बिया बहुधा सहा. एखादी गोष्ट अगदी स्पष्ट, सर्व बाजूंनीं दिसते असें म्हणावयाचें असलें म्हणजे आपले पूर्वज 'हस्तामलकवत्' म्हणत. तळहातावर ठेवलेल्या आवळ्याप्रमाणें. आद्य शंकराचार्यांच्या चार प्रमुख शिष्यांतील एकाचें नांवच हस्तामलक होतें. हा शब्द पुस्तकांत शेंकडों वेळां वाचलेल्या माणसानेंहि हातांतला आवळा मिनिटभर फिरवून पाहिलेला असतोच असें नाहीं. नागर शैलीच्या देवळांच्या शिखरावर, कलशाच्या खालीं, जें कंगोरे असलेलें चपटें गोल दगडी वर्तुळ असतें, तेंहि 'आमलक'च. मुलांनीं हातांतल्या फळाशीं त्याचें साम्य ताडून पाहावें, आणि जमल्यास पुढच्या तीर्थयात्रेच्या वेळीं मान वर करावी.

मग तो आवळा खावा. एकट्यानें सबंध खाऊं नये. दोघांत एक घ्यावा. 'अशोकावदान' ह्या संस्कृत बौद्ध ग्रंथांत एक कथा आहे. आयुष्याच्या अखेरीस सम्राट् अशोकाची सत्ता हातची जाऊन त्याच्यापाशीं केवळ अर्धा आवळा उरला, तोहि त्यानें पाटलिपुत्राच्या कुक्कुटारामांतील भिक्षुसंघाला पाठविला. आणि तेथील स्थविरानें तो वाटून सारांत मिसळविला, म्हणजे सर्व भिक्षूंना त्याचा अंश मिळावा. ही कथा झाडाखालीं सांगण्यासारखी आहे. आवळा सावकाश चावावा. आधीं तोंड आंबट होतें, मग तुरट. जीभ ओढल्यासारखी वाटते, आणि धाकटीं मंडळी तोंडें वेडींवांकडीं करूं लागतात. त्यावर सर्वांनीं एकदमच एकेक घोट साधें पाणी प्यावें. तें गोड लागतें. साखर नाहीं, गूळ नाहीं, घागरींतलें नुसतें पाणी. आणि ज्या मुलानें हा अनुभव पहिल्यानें घेतला त्याचा चेहरा पाहण्यासाठीं तरी आवळीभोजनास जावें. बाजारांतील मोठाले कलमी आवळे ह्या कामीं चालतात, पण डोंगरांतला लहान, रेषाळ आवळा अधिक झणझणीत. घराच्या परसांतला रायआवळा मात्र येथें अभिप्रेत नाहीं. तो ह्याचा भाऊबंद खरा, पण झाड निराळें.

जेवणापूर्वीं वेळ उरला तर मुलांसाठीं आंधळ्या कोशिंबिरीचा एक प्रकार आहे. हाहि कॉर्नेलच्याच पुस्तकांतला, पण आपल्या खेळाच्या इतका जवळचा कीं शिकवावा लागत नाहीं. एका मुलाचे डोळे रुमालानें बांधावे. दुसऱ्यानें त्याचा हात धरून त्याला वळणावळणानें एखाद्या झाडापाशीं न्यावें. डोळे बांधलेल्यानें तें झाड हातांनीं चांचपावें, हुंगावें, कवेंत येतें कीं नाहीं तें पाहावें, मुळाशीं काय आहे तें तपासावें. मग त्याला परत आणून डोळे सोडावे. आतां त्यानें आपलें झाड शोधावयाचें. बहुतेक मुलें तें शोधून काढतात. आजीनें डोळे बांधून घ्यावे आणि नातीनें हात धरावा, असेंहि एकदां करून पाहावें. घरीं नेहमीं जी दुसऱ्यांना सांभाळते, तिनें दहा पावलें सहा वर्षांच्या पोरीच्या भरंवशावर टाकावीं, ह्यांत दोघींनाहि कांहीं मिळतें.

कार्तिकांत पक्षी पुष्कळ. थंडीसाठीं उत्तरेकडून आलेला धोबी पक्षी शेपूट खालीवर करीत मोकळ्या जमिनीवर धांवत असतो. परंतु एकत्र कुटुंबांतील वाचकांनीं मुद्दाम पाहावा तो सातभाई. मळकट तपकिरी रंगाचे हे पक्षी सहा ते बारांच्या टोळीनें झुडुपाखालीं पाचोळा उलथीत हिंडतात, आणि त्यांचा कलकलाट एखाद्या मुंजीच्या घराला लाजवील असा असतो. त्यांतला एक बहुधा उंच फांदीवर राखणीला बसतो. पिलांना भरविण्याचें काम केवळ आईबाप करीत नाहींत. टोळींतले काका-आत्याहि त्यांत हातभार लावतात. ह्यावरून एकत्र कुटुंबपद्धतीची भलावण करण्यास सरसावणाऱ्यांनीं पुढचेंहि ऐकावें : पावशा पक्षी गुपचूप ह्याच सातभाईंच्या घरट्यांत आपलें अंडें घालून जातो, आणि सबंध कुटुंब परक्याचें पोर इमानें इतबारें वाढवितें ! पक्ष्यांची ओळख करून घ्यावयाची असेल तर डॉ. सालिम अली ह्यांचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हें १९४१ सालीं प्रथम निघालेलें पुस्तक अजूनहि उत्तम सोबती आहे. मात्र अर्ध्या घटिकेच्या वेळीं तें मिटलेलें असावें. नांव शोधण्यासाठीं मान खालीं घातली कीं पक्षी उडालाच.

आतां थोडें अप्रिय बोलावयाचें आहे. पिढ्यान् पिढ्या वनभोजन म्हणून जें चाललें आहे, त्यांत वन पुरुषांच्या व मुलांच्या वांट्याला येतें, आणि भोजन बायकांच्या. पहांटे चारला उठून ज्यांनीं पुरण वाटलें, डबे भरले, तेथें पोहोंचतांच ज्यांनीं तीन दगडांची चूल मांडली, त्या धुरानें डोळे चोळीत झाडाकडे पाठ करून बसलेल्या असतात. 'काय सुंदर हवा आहे !' असें मोठ्यानें म्हणणारे गृहस्थ त्यांच्यापासून दहा हातांवर लोळत असतात. आमच्या मतें, घरांतील एक जरी बाई त्या वेळीं पोळ्या लाटीत असेल, तर ती अर्धी घटिका सुरूच करूं नये. उपाय अवघड नाहीं. तेथें चूल पेटवूं नये. आदल्या दिवशीं केलेल्या दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट, दहीभात, केळीं, आणि गोडाला आवळ्याचाच मोरांवळा; एवढ्यावर देव व माणसें दोन्ही तृप्त होतात. वांग्याचें भरीत हवें असा आग्रह असतो, पण नवमीला चातुर्मास संपलेला नसतो, आणि ज्या घरीं चंपाषष्ठीपर्यंत वांगें वर्ज्य आहे तेथें तर प्रश्नच मिटला. दशम्या करण्यांत मुलग्यांनीं हात घालावा. वाढण्याचें व उष्टीं काढण्याचें काम त्या दिवसापुरतें घरांतील पुरुषांनीं करावें. पहिल्या वर्षीं ताक सांडेल, सांडूं द्यावें.

चूल न पेटविण्याचें दुसरेंहि कारण आहे. रानांतल्या मोठ्या झाडांवर, कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळें असतात, आणि धुरानें त्या माश्या चवताळतात. मोठा गोंगाट व उग्र अत्तरें हींहि टाळावीं. गवतांत पाय ठेवतांना बूट असावेत, काठी असावी. दुर्दैवानें सर्पदंश झालाच तर चिरणें, चोखणें, घट्ट बांधणें ह्यांत क्षणहि न दवडतां, जखमी माणसाला फारसें हलूं न देतां, सरळ रुग्णालय गांठावें.

झाड कोठें शोधावें ? आवळी दाट सदाहरित अरण्यांतली नव्हे. उघड्या, कोरड्या, पानगळीच्या रानांतली. सह्याद्रीच्या पूर्व उतारांवर ती आढळते. पुष्कळ मंडळी देवराईंत जाण्याचा बेत करतात. देवराई पाहण्यासारखी खरीच. १९७० नंतरच्या दशकांत माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनीं महाराष्ट्रांतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचें महत्त्व जगापुढें मांडलें. परंतु ती कोणाची, हें विसरूं नये. ती त्या गांवची व त्या गांवच्या देवाची. महादेव कोळी, धनगर, कुणबी अशा लोकांनीं ती पिढ्यान् पिढ्या राखली. पुष्कळ ठिकाणीं वाळकी काटकीहि त्यांनीं जळणाला नेली नाहीं, आणि तीं घरें जळणावांचून कधींच अडत नव्हतीं असें नाहीं. आपण तेथें पाहुणे. गांवांत विचारून, गुरवाला सांगून, त्यांच्या चालीप्रमाणें जोडे बाहेर ठेवून आंत जावें. पूजा करावी ती त्यांच्या रीतीनें, आपली तेथें लादूं नये. पंगत राईच्या बाहेर, एखाद्याच्या खळ्यावर, त्याच्या परवानगीनें बसवावी. पळसाच्या पत्रावळी न्याव्यात. चकचकीत कागदाच्या ताटांना 'पर्यावरणस्नेही' म्हणून विकतात, पण त्यांतील पुष्कळांना आंतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. जें नेलें तें सर्व परत आणावें. फळेंहि पसाभर पुरेत. रानांत तीं खाणारे आणखी आहेत.

ज्यांना इतकें दूर जाणें साधत नाहीं, त्यांनीं हीच अर्धी घटिका गच्चीवर, वाड्याच्या परसांत, किंवा टेकडीच्या पायथ्याशीं घालवावी. कार्तिकांत पुण्याच्या कित्येक रस्त्यांवर पहांटे बुचाच्या फुलांचा सडा पडलेला असतो. तेवढाहि एका कुटुंबाला पुरेल. आणि ज्यांच्यापाशीं थोडी जमीन आहे त्यांनीं आवळी लावावी. बीपासून केलेल्या रोपाला वेळ फार लागतो. कलमाला चार-पांच वर्षांत फळ दिसूं लागतें. रोपवाटिकेंत चकैया, कृष्णा, कांचन, नरेंद्र आवळा ७ अशीं नांवें ऐकूं येतील. त्यांतल्या एकाच जातीवर समाधान न मानतां दोन निरनिराळ्या जातींचीं झाडें जवळ जवळ, पंधरा-वीस हातांवर लावावीं; एकट्या आवळीला फळ कमी धरतें.